शाळेच्या परसबागेला मे महिन्यात पाणी कोण घालणार?

जूनच्या मध्यात शाळा उघडते ना, त्या दिवशी कुठल्याही झेडपीच्या शाळेत जाऊन परसबाग बघा, सगळं कळतं. रंगवलेले टायर असतात, उलट्या खोचलेल्या प्लास्टिकच्या बाटल्यांची बॉर्डर असते, 'आमची परसबाग' असा फ्लेक्स असतो आणि मधे वाळलेली धाटं नाहीतर भेगा पडलेली माती. फेब्रुवारीत याच जागेचे फोटो आसपासच्या शाळांच्या केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते, पालक हिरवागार, मुली रांगेत उभ्या, एकीच्या हातात झारी. मग मे आला. शाळा बंद, सर गावाला, पोरं मामाकडं, नळाला चार दिवसांनी पाणी, आणि शेळ्या काय फ्लेक्स वाचून परत फिरत नाहीत.

यात सरांना दोष द्यायचा नाहीये मला. उलट माझं म्हणणं असं की शाळेची बाग हे काम आपण उगाचच एकट्या मास्तरच्या गळ्यात बांधलंय, आणि गावानं त्यातला आपला अर्धा वाटा उचलल्याशिवाय ती टिकणार नाही. वाटा म्हणजे पैसे नव्हे बरं का. पैशाचं बघायला गेलं तर योजना भरपूर आहेत. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१९ मध्ये शाळांमधल्या पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, मध्यान्ह भोजनाच्या निधीतून एका बागेमागं ५,००० रुपये देता येतील अशी सोय केली. आपल्या राज्यात तालुका-जिल्हा पातळीवर परसबाग स्पर्धा होतात, 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' मध्ये परसबागेचा विषय आहे, समग्र शिक्षात इको क्लबला पैसे आहेत. पाच हजारात बी येतं, दोन-चार खुरपी येतात, पाइप येतो, झारी येते. कुंपण येत नाही आणि सुट्टीत येऊन पाणी घालणारा माणूस तर पन्नास हजारातही येत नाही.

आता ही बाग कशासाठी हवी यावर आधी बोलू, कारण तिथंच मोठा घोळ आहे. सरकारी कागदावर बाग म्हणजे पोषण. ताज्या भाज्या थेट मुलांच्या ताटात, ऐकायला फार छान. पण हिशेब करून बघा. पोषण आहाराच्या निकषात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ५० ग्रॅम भाजी धरलीय, सहावी ते आठवीला ७५. पट ६० असलेली प्राथमिक शाळा धरली तर रोजची ३ किलो भाजी झाली, वर्षाचे दोनशे दिवस जरी शाळा भरली तरी ६०० किलो. शाळेच्या मागं जागा असते अर्धा गुंठा, म्हणजे पाच-साडेपाचशे स्क्वेअर फूट, त्यातही निम्म्यावर शाळेच्या इमारतीची सावली. एखादा कसलेला बागायतदार चोवीस तास राबून काय काढेल ते काढेल, पण दोन शिक्षक आणि साठ पोरांनी अभ्यास सांभाळून ६०० किलो भाजी काढावी ही अपेक्षाच चुकीची आहे. मे २०२५ पासून प्राथमिकच्या मुलामागं जेवण शिजवायचा खर्च धरलाय ६ रुपये ७८ पैसे, त्यात डाळ, भाजी, तेल, मसाला, इंधन सगळं आलं. हा आकडा कमी पडतो म्हणून बाग लावा असं कुणी सुचवत असेल तर ते भलतंच. भाजीचे पैसे सरकारनंच द्यायला पाहिजेत, ते बागेवर ढकलायचं काम नाही.

मग बागेतनं ताटात काय येऊ शकतं? कढीपत्ता, कोथिंबीर, लिंबू, शेवग्याचा पाला, हिवाळ्यात आठवड्यातून एकदा पालक नाहीतर मेथी. एवढंच, आणि एवढं पुष्कळ आहे. खिचडीतला पालक बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावणारी पोरं स्वतः लावलेला पालक मात्र मुकाट्यानं खातात, आणि वर 'हा आमच्या वाफ्यातला' म्हणून दुसरीच्या पोरांना ऐकवतात, हे मी स्वतः बघितलंय.

पण माझ्या मते बागेचं खरं पीक ताटात दिसत नाही, वहीत दिसतं. आमच्या गावच्या शाळेत चौथीच्या वर्गानं भेंडीसाठी वाफा आखला, दहा फूट लांब. सरांनी विचारलं, दोन रोपांत एक फूट अंतर ठेवायचं तर एका ओळीत बिया किती लागतील? सगळ्यांनी भागाकार केला, दहा. टेप धरून फुटाफुटावर बी टोचत गेले आणि शेवटच्या टोकाला एक जागा उरली. अकरावी बी. मग जी भांडणं लागली! एक म्हणे टेप सरकला, एक म्हणे पहिली बी शून्यावर ठेवली म्हणून असं झालं, एका पोरीनं परत मागं जाऊन बोटांनी खड्डे मोजले आणि म्हणाली, 'सर, अंतरं दहाच हायेत, बिया अकरा.' हे गणित वहीत दहा वेळा सोडवून डोक्यात जात नाही, कारण वहीत उत्तर चुकलं तर फक्त लाल रेघ मिळते, इथं हातात बी उरली होती. पुढं मेथीचा एक वाफा पिवळा पडला आणि शेजारचा नाही, त्यावर दोन दिवस चर्चा, कुणी म्हणे नजर लागली, कुणी म्हणे खत कमी, शेवटी कळलं की त्या कडेला पोरं हात धुवायची आणि पाणी साचून राहायचं. परिसर अभ्यासाच्या पुस्तकात 'निरीक्षण करा, कारणे शोधा' असं लिहिलेलं असतं, ते असं करायचं असतं.

आणि फक्त विज्ञान-गणित नाही. चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास असतो. मिरचीची रोपं लावताना एकानं विचारलं, मावळे बटाटेवडा खायचे का? सगळे हसले पण प्रश्न भारी आहे. मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, शेंगदाणा, पेरू, पपई, काजू, हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. मिरची पोर्तुगीजांबरोबर गोव्याकडून आली ती सोळाव्या शतकात, बटाटा-टोमॅटो आपल्या घराघरांत पोचायला पुढं फार काळ गेला. म्हणजे ज्या झणझणीत कोल्हापुरीचा आपण अभिमान मिरवतो तिच्यातली मुख्य वस्तू बोटीतनं आलेली. वर्गात बसून हे सांगितलं तर माहिती, वाफ्याशी उकिडवं बसून सांगितलं तर पोरं घरी जाऊन आईला सांगतात.

हे सगळं शिकायला परदेशातल्या शाळांचे व्हिडिओ बघायची काही गरज नाही. बाहेर बसून शिकायची परंपरा आपल्याकडं आपलीच आहे आणि ती चांगली दणदणीत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं, पुढं १९५७ ला ते कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यावरची मुलं शाळेत येत नव्हती कारण ती गुरं राखायला जायची, तर या बायकांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. पाड्याच्या अंगणात बालवाडी भरवली. शिकवायचं साहित्य काय तर बिया, पानं, काड्या, दगड, शिंपले. पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला, तिथनं निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम कितीतरी हायस्कुलांत गेला आणि त्यात वेल्डिंग-वायरिंगच्या बरोबरीनं शेती-पशुपालन आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या नयी तालीमच्या, म्हणजे हातकामातनं शिकायच्या, विचारावर आनंद निकेतन शाळा २००५ मध्ये परत सुरू झाली, तिथं मुलं शेतात काम करतात, सूत काततात, स्वयंपाक करतात आणि त्यातनंच विषय शिकतात. तेव्हा 'हे नवीन काय खूळ' म्हणणाऱ्यांनी जरा मागं वळून बघावं.

बरं, आता विरोधाचं बोलू. कारण विरोध आहे आणि तो येड्यागबाळ्यांचा नाही. एका पालक सभेत एक बाप उठून म्हणाला, 'सर, माती आमच्या नशिबाला हायेच की. पोरगं शाळेत घातलंय ते मातीतनं भायेर काढायला.' सभेत एकदम शांतता. मला हा आक्षेप सगळ्यात जड वाटतो आणि त्याला 'श्रमाची प्रतिष्ठा' वगैरे म्हणून उडवून लावणारे लोक मला आवडत नाहीत, कारण ते बोलणारे बहुतेक स्वतः सावलीत बसलेले असतात. नयी तालीम १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत मांडली गेली तेव्हापासून ही शंका पाठ सोडत नाहीये, की गरिबाच्या पोरांना हातकाम आणि साहेबाच्या पोरांना पुस्तक, असं तर नाही ना होणार? ज्या जातींच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणं आलं, त्यांनी शाळेत खुरपं बघून दचकू नये असं म्हणायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

म्हणून बाग लावायची तर काही गोष्टी आधी मिटवून घ्यायला लागतात. गृहपाठ केला नाही म्हणून 'जा, गवत काढ' ही शिक्षा ज्या शाळेत चालते तिथं बाग नसलेलीच बरी. शेणाची पाटी कोण उचलतं आणि मोजपट्टी-वही कोण धरतं, हे एक महिना नुसतं बघा, गावाची सगळी उतरंड तुम्हाला वाफ्यावर दिसेल. झाडलोट मुलींकडं, पाइप मुलांकडं. हुशार समजलेल्या पोरांकडं नोंदवही, मागच्या बाकावरच्यांकडं कुदळ. ही वाटणी शिक्षकानं मुद्दाम फिरवायलाच लागते, सरपंचाचा नातू शेण कालवणार आणि मजुराची पोरगी नोंदी लिहून वर्गासमोर वाचणार, असं. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात १९२४ पासून मुलं राबायची ना, पण तिथं सगळ्या जातींची पोरं एकाच पंगतीत जेवायची आणि एकाच वावरात राबायची, म्हणून त्या घामाला अर्थ होता. ते एकत्रपण काढून घेतलं की उरते ती फुकटची मजुरी.

आणि त्या बापाला माझं उत्तर असं होतं (तिथं नीट जमलं नाही बोलायला, इथं लिहितो) की दादा, तुम्ही मातीत राबता तेव्हा प्रश्न विचारायला सवड नसते, मुकादम उभा असतो नाहीतर डोक्यावर कर्ज असतं. शाळेतल्या वाफ्यावर पीक गेलं तर कुणाचं नुकसान होत नाही, तिथं पोरगं 'का गेलं' एवढंच विचारतं. तालुक्याच्या गावातली इंग्लिश मीडियमची शाळा याच गोष्टीचे वेगळे पैसे घेते, बस करून पोरांना कृषी पर्यटनाला नेते, बैलगाडीत बसवते, हुरडा खायला घालते आणि स्टेटसला फोटो टाकते. ज्यांच्याकडं माती नाही ते ती विकत घेतायत आणि आपल्या पोरांना फक्त तिची लाज शिकवायची?

तर आता गावाच्या वाट्याचं. मास्तरची अवस्था काय आहे ते गावाला माहीत नसतं असं नाही, पण सोयीनं विसरतात. दोन शिक्षक, चार-पाच वर्ग, मतदार यादीसाठी बीएलओची ड्युटी, रोज आहाराची ॲपवर नोंद, ही लिंक भरा, ती माहिती तातडीनं पाठवा, शिवाय बागेचा फोटो जिओ टॅग करून टाका. त्या माणसाला 'सर, बाग जरा बघा की' म्हणणं सोपं आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, त्यात शाळा व्यवस्थापन समिती सांगितलीय, तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. ही समिती बहुतेक ठिकाणी सह्यांपुरती असते, रजिस्टर घरी फिरतं आणि ताई चूल सोडून ओल्या हातानं सही करतात. मी या समितीवर होतो म्हणून सांगतो, तिला खरं काम द्यायचं असेल तर बाग द्या. इमारतीचं काम तिच्या आवाक्याबाहेर आहे, शिकवण्यात तिनं लुडबूड करू नये, पण बाग तिला जमते, कारण त्यात मास्तरपेक्षा पालकांनाच जास्त कळतं.

हे जास्त कळणं शाळेच्या आत आणलं ना, की बाग एकदम बदलते. आमच्याकडं एका मुलाच्या आजीला बोलावलं होतं, बियाणं कसं ठेवतात ते दाखवायला. म्हातारी आधी यायलाच तयार नव्हती, 'मी अंगठाबहाद्दर, मी काय शिकवू.' आली ती पदराखाली काकडीचं बी घेऊन. ताजं शेण मागवलं, त्यात बी कालवून हाताएवढ्या चकत्या केल्या आणि शाळेच्या मागच्या भिंतीला, जिथं ऊन येतं पण पावसाचं पाणी लागत नाही, तिथं थापल्या. वालाचं बी राखेत घोळून डब्यात भरलं. पोरांनी विचारलं, 'आज्जी, शेणात बी कुजत नाय का?' ती म्हणाली, 'वाळल्यावर कशाला कुजंल? किडा तोंड लावत न्हाई त्याला. पेरायच्या दिशी चकती फोडायची.' मग तिसरीतल्या एकीनं वहीत चकतीचं चित्र काढून आजीचं नाव लिहिलं आणि आजीला दाखवलं. बाकी सगळं सोडा, पण ज्या बाईनं आयुष्यात शाळेची पायरी शिक्षण म्हणून चढली नाही तिला पोरांनी 'उद्या पण या' म्हणावं यात बरंच काही आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत, आणि घरात गावरान बियाणांची बँक उभी करून २०२० च्या पद्म पुरस्कारांत पद्मश्री झाल्या. प्रत्येक गावात राहीबाई नसतील, पण गावठी वालाच्या दोन जाती ओळखणारी आजी प्रत्येक गावात आहे. ती अजून आहे तोवर तिला वर्गात आणा.

दुसरं माणूस म्हणजे खिचडी शिजवणाऱ्या ताई. महिन्याला अडीच हजारांच्या आसपास मानधन, तेही वेळेवर मिळेल याची खात्री नाही, आणि बागेच्या बैठकीत त्यांना कुणी विचारत नाही. खरं तर काय लावायचं हे त्यांनाच विचारायला पाहिजे. साठ पोरांच्या खिचडीला वांगं निवडत बसायला वेळ नसतो, पालक-शेवगा लगेच खुडून पातेल्यात जातो, हे सरांना सुचत नाही, त्यांना सुचतं. तांदूळ धुतलेलं पाणी आणि पोरांनी हात-ताटं धुतलेलं पाणी, दोन्ही मिळून रोज शंभरएक लिटर सहज होतं, ते गटारात जाण्याऐवजी चर काढून केळीला-पपईला वळवायचं, एवढंच केलं तरी शाळा चालू असताना पाण्याचा प्रश्न निम्मा मिटतो. फक्त ताटं घासायच्या साबणाचं पाणी पालेभाजीला नको, ते केळीच्या आळ्यात सोडा.

राहिला मे महिना. इथं दोन गोष्टी कराव्यात असं माझं मत आहे आणि पहिलीवर लोक भांडतात. पहिली, बाग बारा महिने हिरवी ठेवायचा हट्ट सोडा. ज्या गावात मे महिन्यात माणसाला टँकरचं पाणी आहे तिथं शाळेत पालक हिरवा दिसला तर तो कौतुकाचा विषय नाही. शाळेचं वर्ष आणि पिकाचं वर्ष मुळात चांगलं जुळतं. जूनमध्ये शाळा उघडली की भेंडी, गवार, दोडका, काकडी, वाल, पावसावर येतात. विदर्भात शाळा आठवडाभर उशिरा उघडते, तिथं तसं धरा. दिवाळीच्या सुट्टीनंतर मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, महिना-दीड महिन्यात हातात. मार्चपर्यंत काढणी, एप्रिलमध्ये बी धरायचं, वाळवायचं, डब्यांवर चिठ्ठ्या लावायच्या, वाफ्यावर पालापाचोळा आंथरून त्याला झोपू द्यायचं. उन्हाळ्यात जगवायची ती फक्त झाडं, शेवगा, कढीपत्ता, लिंबू, पपई. त्यांच्या बुडाशी मडकं पुरायचं, तळाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात, वर झाकण. दोन-तीन दिवसांनी मडकं भरलं की भागतं.

दुसरी गोष्ट, ते मडकं भरणार कोण. तर शाळेशेजारची आठ-दहा घरं, पाळी लावून. हे बोलायला सोपं आहे पण इथं एक अडचण येते जिच्याबद्दल कुठल्याच मार्गदर्शक सूचनेत एक ओळ नाही, ती म्हणजे फाटकाची किल्ली. सुट्टीत किल्ली मुख्याध्यापकांकडं असते आणि ते ती कुणाला देत नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे, कारण आत टीव्ही आहे, कॉम्प्युटर आहे, उद्या एक पंखा गेला तर चौकशी त्यांची. मग गाव म्हणतं सर किल्ली देत नाहीत, सर म्हणतात गाव जबाबदारी घेत नाही, आणि शेवगा वाळून जातो. उपाय अवघड नाही. समितीच्या एप्रिलच्या बैठकीत ठराव लिहायचा, खोल्यांना कुलूप सरांचं, फाटकाची दुसरी किल्ली अमुक सदस्याकडं, जबाबदारी समितीची. आणि त्याच ठरावात हेही लिहायचं की सुट्टीत जो पाणी घालेल त्यानं लिंबं, पाला, शेंगा घरी न्याव्यात. हा नियम फार महत्त्वाचा आहे. पाणी आम्ही घालायचं आणि शेंगा कुणी दुसरंच तोडायचं, म्हटल्यावर दुसऱ्या वर्षी कोण येतंय?

आता एवढं गाव-गाव केल्यावर एक धोक्याची सूचना पण देतो, कारण 'लोकसहभाग' म्हटलं की सरकारचे कान टवकारतात. पोषण आहारात २०२४ ला नवा मेनू आला, अंडा पुलाव, खीर, मोड आलेली कडधान्यं, तीन पदार्थांचं ताट, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. २०२५ च्या जानेवारीत शासन निर्णय आला की अंडी आणि साखर यांना वेगळा निधी नाही, शाळांनी ते लोकसहभागातनं करावं. म्हणजे जाहिरात सरकारची आणि अंडी गावाची. हा लोकसहभाग नाही, ही जबाबदारी झटकणं आहे, आणि बागेच्या नावाखाली उद्या भाजीचं पण असंच होऊ शकतं, 'तुमच्याकडं परसबाग आहे ना, मग भाजीचं अनुदान कशाला?' म्हणून रेष स्पष्ट पाहिजे. मुलांच्या ताटातलं अन्न, नळाची लाइन, कुंपणाची भिंत, शिक्षकांची रिक्त पदं, हे सरकारचं. बी, हात, वेळ, माहिती, सुट्टीतली पाळी, हे गावाचं. गावानं आपली बाजू नीट सांभाळली तर सरकारला दुसऱ्या बाजूबद्दल चढ्या आवाजात विचारता येतं, नाहीतर अधिकारी म्हणतात तुमच्याच लोकांना हौस नाही.

शिक्षण खात्याकडं माझं मागणं फार नाही. स्पर्धेचे फोटो मागणं बंद करा, मूल्यांकनाला आलेल्या साहेबांनी वाफा बघायच्या आधी मुलांच्या नोंदवह्या बघाव्यात, कुठलं पीक का गेलं हे जिथं पोरांनी लिहिलंय त्या शाळेला जास्त गुण द्यावेत. वेळेचं म्हणाल तर राज्यात पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' २०२४ पासून आहेच, तो दिवस बऱ्याच ठिकाणी कवायत, गाणी आणि भाषणं यात जातो. शनिवारची सकाळची शाळा, ऊन चढायच्या आत दीड तास, बागेसाठी याहून चांगली वेळ नाही.

शहराचं थोडक्यात, कारण तिथलं दुखणं वेगळं आहे. मुंबई-पुण्यात महापालिकेच्या कितीतरी शाळांना मैदानच नाही, असलंच तर डांबर. तिथं गच्ची आहे, पण गच्चीला परवानगी, वॉटरप्रूफिंग, कठडा, हे सगळं आडवं येतं. शहरात शाळेच्या शेजारची सोसायटी, जवळची महापालिकेची बाग आणि तिथला माळी, यांच्याशी जोडून घेणं जास्त सोपं पडेल. माळीकाका महिन्यातनं एकदा वर्गाला बागेत फिरवतील, एवढ्याला काही बजेट लागत नाही, एक पत्र लागतं. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक, त्यांच्या प्रयोग परिवारानं थोडक्या जागेत, घरातल्या ओल्या कचऱ्यावर, मोजून-मापून भाजी काढायचं शास्त्र साध्या माणसांपर्यंत नेलं. ते शहरी शाळेला तर हातावर ठेवल्यासारखं आहे, खिडकीतल्या चार कुंड्यांतही होतं.

गावातलं आमचं दुखणं मात्र पेव्हर ब्लॉकचं आहे. कुठनं तरी निधी येतो, आमदारांचा म्हणा, वित्त आयोगाचा म्हणा, आणि पहिलं काय सुचतं तर शाळेचं पटांगण ब्लॉकनं मढवायचं. चिखल होत नाही, स्वच्छ दिसतं, उद्घाटनाचा बोर्ड लावता येतो, ठेकेदार खूश. पोरं पडली की गुडघे सोलून निघतात आणि एप्रिलमध्ये दुपारी त्या ब्लॉकवर अनवाणी उभं राहून दाखवावं कुणीही. शाळेत माती असावी यासाठी ठराव करायची वेळ आलीय. आमच्याकडं मागच्या बाजूचं शिल्लक राहिलेलं अर्धं पटांगण, जिथं चौथीचा वाफा आहे, ते पण ब्लॉकसाठी सुचवलंय म्हणे, पुढच्या ग्रामसभेत विषय येणार आहे. मी विरोधात बोलणारे. त्या आजींना पण घेऊन जाणारे, आणि तो सभेतला बाप, त्याला पण विचारून बघतो, तो कुठल्या बाजूनं बोलेल ते मला खरंच सांगता येत नाही.